आधी जखमी, शेवटी कोच

२३ ऑगस्ट १९९४

मिस्टर फेल्टनर,

तुम्ही पाठवलेला हॅम शेजारच्या ऑपलच्या हाती परत पाठवते आहे. हॅम चांगला आहे, डुकराची अख्खी मांडी. मी एकटी बाई, मला तो संपायचा नाही, असं ऑपलला सांगितलंय. तुम्हाला खरं कारण कळायला हवं, म्हणून सोबत ही चिठ्ठी.

गावात आता सगळे तुम्हाला कोच म्हणतात. माझ्या तोंडून तो शब्द एकाच माणसासाठी यायचा, माझ्या नवऱ्यासाठी, आणि त्याला आपण शनिवारी पुरलं. ‘आपण’ चुकून लिहिलं. तुम्ही नव्हता. तुम्ही मैदानावर सराव घेत होता.

जेवायला मात्र आलात.

तुम्ही यायच्या आधी चर्चच्या तळघरात काय चाललं होतं ते तुम्हाला माहीत नाही. हॉबर्टच्या हाताखाली खेळलेले साठ-सत्तर जण आले होते. कुणाला टक्कल पडलंय, कुणाचं पोट सुटलंय, एक तर लेक्सिंग्टनला हाडांचा डॉक्टर आहे. बायकांनी टेबलं भरून ठेवली होती. चिकन-डंपलिंग, घेवडा, मक्याचा पाव, सात घरांतून एकेक थर आणून रचलेला सफरचंदाचा केक. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली आणि कोणी हललंच नाही. सगळे भिंतीला पाठ लावून रिकामी ताटं धरून उभे. ऑपलला वाटलं, दुःखाने घास उतरत नसेल. तिने डॉक्टरला दंडाला धरून टेबलापाशी आणलं, तर तो म्हणाला, मी चारही वर्षं खेळून बाहेर पडलोय मॅम, माझ्याआधी नवे जातील. त्याच्या शेजारचा म्हणाला, माझ्याकडे बघू नका, मी तर नंतर कोचचा मदतनीस होतो.

“मग तुमच्यात नवा आहे तरी कोण?” ऑपलने विचारलं.

नवा कोणीच नव्हता. हॉबर्टचा जेवणाच्या रांगेचा नियम तुम्हाला सांगायला नको. आधी जखमी, मग पहिल्या वर्षाचे, मग दुसऱ्या, असं करत शेवटी कोच. त्या खोलीतले सगळेच मागच्या रांगेतले. डंपलिंगवर साय धरली आणि ही आडदांड माणसं एकमेकांना कोपराने ढकलत होती, तू जा, नाही तू जा. मला हसू आलं. हॉबर्ट गेल्यापासून पहिल्यांदा. तो त्या खोलीत होता, मिस्टर फेल्टनर. मी देवाधर्माचं फार बोलणारी बाई नाही, पण तो होता.

मग दार उघडलं आणि तुम्ही आलात. बुटांना मैदानाची माती. कोणाकडे न बघता सरळ टेबलापाशी गेलात, ताटात कोंबडीचे दोन पाय घेतलेत आणि उभ्या उभ्या खायला लागलात. सगळ्यांच्या आधी. मग बाकीचेही पुढे सरकले आणि ती खोली इतर कुठल्याही दफनानंतरच्या खोलीसारखी झाली.

तुम्ही-तुम्ही लिहून आता माझा हात दुखतोय. ज्याच्या पायाचं प्लास्टर भिजू नये म्हणून मी हिवाळाभर पिशवी बांधली, जो माझ्या मागच्या खोलीत राहिला आणि माझ्या बरण्यांतला सगळा जॅम संपवून गेला, त्याला किती वेळ ‘तुम्ही’ म्हणायचं. तुझा हॅम घे, गार्लंड.

व्हर्डी स्लोन

६ सप्टेंबर १९९४

गार्लंड,

हे कामाचं पत्र आहे.

कॉलेजचे अध्यक्ष काल घरी येऊन गेले. आठ ऑक्टोबरच्या शनिवारी, जुने विद्यार्थी परत येतात त्या दिवशी, मैदानाला हॉबर्टचं नाव द्यायचं ठरलंय. देणगीदार पाटी करून देणार आहेत. मी मध्यभागी उभं राहायचं आणि पाटीवरचं कापड ओढायचं. मी हो म्हटलं. हॉबर्टला विचारलं असतं तर म्हणाला असता, मैदानाला नाव कशाला, ते थोडंच हरवतंय. पण मला ते नाव तिथे हवंय. ज्या लोकांनी त्याला ‘आया’ म्हटलं, त्यांनी दर शनिवारी आत शिरताना ते वाचावं असं मला वाटतं. हा चांगला विचार नाही, हे मला कळतं.

भाषण तू करणार असं कळलं. तुझ्या भाषणात काय येईल याचा मला भरवसा नाही, म्हणून लिहून देते. यातलंच सांग.

सांग, की तो सोळाव्या वर्षी खाणीत उतरला. छत कोसळलं तेव्हा त्याचा भाऊ एस्टिल आत राहिला आणि तो बाहेर आला. बावीस वर्षांचा असताना कॉलेजात आला, वर्गातल्या पोरांहून थोराड, कारण खाणीतून बाहेर पडायला फुटबॉलखेरीज दुसरा दरवाजा नव्हता. सांग, की तेव्हाच्या कोचने सरावाच्या मैदानाच्या टोकाला वाळूचा खड्डा करून ठेवला होता आणि त्याला ‘दवाखाना’ म्हणायचे. जो जखमी होईल त्याने बाकीच्यांचा सराव संपेपर्यंत त्या वाळूत कोपरांवर सरपटायचं. खेळण्यापेक्षा जखमी असणं जास्त दुखलं पाहिजे, असा हिशेब. हॉबर्टचं डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. तो दोन आठवडे सरपटला. हाड वाकडं जुळलं ते जुळलंच. त्यानंतर जन्मभर त्याचा डावा हात खांद्याच्या वर गेला नाही. आमच्या लग्नानंतर रोज सकाळी मी त्याची डावी बाही ओढली आहे.

सांग, की कोच झाल्यावर त्याने पहिल्या दिवशी खेळाचा एकही डाव शिकवला नाही. फावडं घेतलं आणि एका हाताने तो खड्डा बुजवला. पोरं कुंपणावर बसून हसत होती. निम्मी टीम सोडून गेली. त्या मातीत त्याने आईकडून आलेलं घेवड्याचं बी लावलं, काठ्या उभ्या केल्या, आणि ठरवलं की जखमी पोरांनी स्टुलावर बसायचं, सराव बघायचा आणि संध्याकाळच्या जेवणाचा घेवडा निवडायचा. तो त्यांच्याशेजारी बसून शिरा काढता काढता विचारायचा, बघ, तो उजवीकडचा का पडला? पोरं त्या स्टुलावर जितकं शिकली तितकं मैदानात शिकली नाहीत, हे तूच पुढे मला सांगितलंस. देणगीदार प्रॅटर आणि मंडळींनी चिडवायला ऑफिसच्या दाराला एप्रन टांगला. तो हॉबर्ट घरी घेऊन आला. कापड चांगलं होतं. मी अजून वापरते.

जिंकल्याचे आकडे कॉलेजवाले सांगतीलच, तू नको सांगूस.

शेवटच्या वर्षाबद्दल तर तू काहीच बोलायचं नाहीस. दोन वर्षांपूर्वी तू अध्यक्षांच्या ऑफिसात जाऊन दार लावून जे सांगितलंस, ते तिथेच राहू दे. हॉबर्ट थकला होता. माणूस थकतो. मी त्याला रोज गाडीने मैदानावर सोडत होते कारण त्याची गाडी बिघडली होती.

एक विनंती. मोसमातला शेवटचा घेवडा वेलावरच वाळू दे, तोडू नका. पुढच्या वर्षाचं बी घ्यायला मी येईन.

व्हर्डी स्लोन

२५ सप्टेंबर १९९४

गार्लंड,

आज चर्चनंतर बी घ्यायला गेले होते. टोपली घेऊन.

वेल नाहीत. काठ्या नाहीत. वाळू आहे.

मी बराच वेळ उभी राहिले. वाटलं, मैदानाच्या चुकीच्या टोकाला आले. मग वाळूत कोपरांच्या रेघा दिसल्या आणि कुठे आले ते कळलं.

बांधावर एक पोरगा बसला होता. लायल कॉम्ब्स, दुसऱ्या वर्षाचा. तू त्याला ओळखत असशीलच, निदान नंबरावरून. डावा खांदा बांधलेला, दोन्ही कोपरं सोललेली. मला बघून धडपडत उठला आणि टोपी काढली. कोपरांचं विचारलं तर म्हणाला, काही नाही मॅम, वाळूत घासली. केव्हापासून, म्हटलं. म्हणाला, पहिले तीन सामने हरल्यापासून. मिस्टर प्रॅटर सरावाला आले होते, म्हणाले टीम मऊ पडलीय. दुसऱ्या दिवशी मशीन आलं.

“आणि तुमचा कोच काय म्हणाला?”

“ते म्हणाले, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे.”

मग तो पोरगा मला म्हणाला, मिस व्हर्डी, तुम्ही कोणाला बोलू नका, नाहीतर त्यांना वाटेल मी रडलो. खांदा डावा, गार्लंड. माझ्यासमोर तो पोरगा आपली टोपी डोक्यावर परत घालायला उजवा हात वापरत होता आणि मी हॉबर्टला बघत होते.

मी शाळेत जन्मभर पोरांना शिकवलं. रागाच्या भरात लिहू नये, असंही शिकवलं. हे पत्र मी रागाच्या भरातच लिहिते आहे आणि पुन्हा वाचणार नाही.

तुझा पाय मोडला तेव्हा तू अठरा वर्षांचा होतास. पहिल्या संध्याकाळी तुला रांगेच्या पुढे नेलं तर तू लाजेने मान वर करेनास. आख्खी टीम मागे थांबलेली, मोठमोठी पोरं. हॉबर्टने स्वतः तुझं ताट वाढलं. त्या रात्री माझ्या स्वयंपाकघरात तू म्हणालास की आमच्या घरी बाप आधी जेवतो आणि उरलं तर आम्ही. त्यानंतर तू सबंध मोसम स्टुलावर बसून घेवडा निवडलास. तुझ्याइतकी भराभर शीर काढणारं दुसरं कोणी झालं नाही, मी धरून. दुसरा कोणी हा खड्डा खणता तर मी म्हटलं असतं, त्याला काय ठाऊक. तुला ठाऊक होतं. खाली कोणाची माती आहे हे ठाऊक असून तू मशीन बोलावलंस.

आता सांगते ते नीट ऐक. तो खड्डा असेपर्यंत हॉबर्टचं नाव त्या मैदानाला लागणार नाही. मी येणार नाही, कापड ओढणार नाही, आणि लावलंच तर मी स्वतः शिडी घेऊन येईन. अध्यक्षांना आजच कळवलंय. ते म्हणाले, सरावाची पद्धत हा कोचचा अधिकार आहे.

तर मग तुझाच अधिकार आहे. बुजव तो.

व्हर्डी

४ ऑक्टोबर १९९४

गार्लंड,

तुझं पत्र मिळालं. एवढ्या वर्षांत तुझं पहिलं पत्र, आणि पाच ओळींचं. मी ते ओट्यावर ठेवून दोन दिवस त्याच्या बाजूने ये-जा केली.

तू लिहितोस, त्या दिवशी तळघरात पोरं उपाशी उभी होती, जेवण गार होत होतं, कित्येकांना दूरवर गाडी चालवत जायचं होतं आणि कोणीच आधी जाणार नव्हतं. ‘कुणीतरी वाईट व्हायला हवं होतं, मिस व्हर्डी, म्हणून मी झालो. अध्यक्षांकडे गेलो तेव्हाही तसंच.’

त्या ताटाचं मी मानते. मला तेव्हा सुचलं नाही, आता दिसतं. तरी माझी ती पाच मिनिटं तू मोडलीस आणि ती मला परत मिळायची नाहीत, हेही खरंच आहे. दोन्ही राहू दे.

अध्यक्षांचंही मानते. हॉबर्टची गाडी बिघडली नव्हती. तो मैदानाचा रस्ता चुकायचा. शेवटच्या मोसमात त्याने एका पोराला सामन्याच्या मध्यात एस्टिल म्हणून हाक मारली आणि छताखालून बाहेर ये म्हणाला. तू त्याच्या शेजारी उभा होतास. मी घरी बसून रेडिओवर ऐकत होते आणि मला काही कळणार नाही असं तुला वाटलं. तुझ्याआधी मला माहीत होतं. तू गेलास म्हणून मला जावं लागलं नाही, आणि त्याचा मला तुझ्यावर जास्त राग आला. एवढं पुरे.

पण खड्ड्याबद्दल तू काय लिहितोस? ‘ते माझ्या हातात नाही. प्रॅटर आणि मंडळी डिसेंबरमध्ये माझा करार बघणार आहेत.’

हे वाचून मी ताट आपटलं. फुटलं. आईचं होतं.

तळघरात वाईट होणं सोपं होतं, समोर सगळे तुझे भाऊ होते. माझ्या नवऱ्याची तक्रार करणंही तुला जमलं, तो तुला काही करू शकत नव्हता, त्याला तर तुझं नावही एखाद्या दिवशी आठवत नव्हतं. प्रत्येक वेळी तू आमच्यापाशी वाईट झालास, गार्लंड. तुला एवढी सवय आहे तर आता प्रॅटरपाशी हो. करार त्याच्या खिशात असताना हो. त्याला वाईट होणं म्हणतात.

उद्या सरावाच्या वेळी मी येते आहे. बागेतली घडीची खुर्ची आणते. त्या खड्ड्याच्या मध्यभागी बसणार आहे. एकाहत्तर वर्षांच्या म्हातारीला उचलून बाहेर ठेवायचं असेल तर कोणाला सांगणार ते आजच ठरवून ठेव.

व्हर्डी

९ ऑक्टोबर १९९४

गार्लंड,

बुधवारी तू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतास आणि तिथून सबंध वेळ माझ्याकडे पाठ करून उभा होतास. तेव्हा इकडे काय बोलणं झालं ते तुला ऐकू आलं नसणार.

खुर्चीचे पाय वाळूत रुतत होते. मी एप्रन बांधला होता आणि ऑपलच्या बागेतला घेवडा घमेल्यात घेतला होता. लायल आला तेव्हा तुझा तो मदतनीस त्याला घेऊन आला होता. मला बघून मदतनीसाने डोकं खाजवलं, म्हणाला, मॅम, इथे जरा काम होतं. मी म्हटलं, माझंही आहे. तो तुला विचारून येतो म्हणून गेला आणि परत आलाच नाही. शहाणा आहे.

लायल थोडा वेळ उभा राहिला. मग माझ्या पायाशी वाळूत बसला, सरपटायला नव्हे, नुसता बसला. घमेल्यात हात घातला. एका हाताने देठ मोडता येतं पण शीर ओढता येत नाही. मग मी शेंग धरायची आणि त्याने ओढायची असं ठरलं. फार सावकाश काम झालं. तो म्हणाला, आमची आजी याला फार हसली असती. मी म्हटलं, हसू दे, बघ तिकडे, तो उजवीकडचा का पडला सांग. त्याने सांगितलं. बरोबर सांगितलं. त्याचं वजन टाचेवर होतं.

मग प्रॅटर आले. मोठी टोपी, मोठा पट्टा. म्हणाले, मिसेस स्लोन, ऊन लागेल तुम्हाला, हे ठिकाण बाईमाणसाचं नाही. मी एप्रनचं टोक धरून दाखवलं. “ओळखलात का? तुम्हीच दिलेला. अजून धुवून घट्ट आहे.” बिचाऱ्याला आधी आठवलंच नाही. मग आठवलं. कान लाल झाले आणि तुझ्याकडे तावातावाने गेले. तुमचं काय झालं ते मला माहीत नाही. मला एवढंच दिसलं की ते बोलत होते आणि तू जमिनीकडे बघत होतास, आणि मी मनात म्हटलं, झालं, याने मान खाली घातली.

शुक्रवारी ऑपल धावत आली. म्हणाली, मातीचा ट्रक आलाय, आणि मशीन नाही काही नाही, गार्लंड एकटा फावड्याने टाकतोय, प्रॅटर गाडीतून भोंगा वाजवतोय तरी वर बघत नाही. म्हणाली, शेवटच्या वर्षाची पोरं आधी कुंपणावर बसली होती. मग एकेक उतरली.

मी गेले नाही. मला जाववलं नाही. मी ओट्यापाशी बसून राहिले.

काल पाटी नव्हती. देणगीदारांनी पैसे काढून घेतले हे अध्यक्षांनी मला फार हळुवार आवाजात सांगितलं, जणू मी मोडून पडेन. कापड नाही, पाटी नाही, मैदान आहे तसं बिननावाचं. आणि वर तुम्ही हरलात, तेही चांगलेच. तुझा करार डिसेंबरात संपेल आणि पुढे होणार नाही, हेही ते म्हणाले. तुला सांगितलंच असेल.

मला ते नाव हवं होतं. अजून हवंय. त्यासाठी मला तुझ्यावर रागावता येत नाही, म्हणून नुसतीच चिडते आहे, कपाटावर, मांजरावर, ऑपलवर. तुला मी माफ केलंय असं समजू नकोस. दोन आठवडे त्या पोरांनी वाळूत कोपरं सोलली. लायलचा खांदा लेक्सिंग्टनच्या आपल्या डॉक्टरला दाखवायला मी मंगळवारी त्याला घेऊन जाते आहे. हाड जर वाकडं जुळलं असेल तर मी तुला पुन्हा लिहीन, आणि ते पत्र तुला आवडणार नाही.

सोबत बरणी आहे. फ्रीजमध्ये ठेवलेलं गेल्या वर्षीचं बी, हॉबर्टच्या आईचं. अर्धं मी ठेवलं. मे महिन्यात लाव. तोवर इथे नसलास तर जिथे असशील तिथे लाव, फक्त काठ्या उंच घे, हा वेल फार चढतो.

पुढच्या रविवारी जेवायला ये. जखमी आहेत तेवढ्यांना घेऊन ये, आणि पहिल्या वर्षाची पोरंही आण, ती घरच्या जेवणाला आसुसलेली असतात. ऑपल केक करते आहे. ताटं कमी पडतील, एक मी फोडलंय.

लायल आधी घेईल. मग नवे. मग बाकीची पोरं. मग ऑपल आणि मी. तू दारापाशी उभा राहशील आणि सगळ्यांचं होईपर्यंत थांबशील, गार झालं तरी.

शेवटी कोच.

व्हर्डी